जाऊन येते

वासुकीला सायकल येत नाही असं जो म्हणेल त्याच्या जिभेला हाड नाही. तंजावुरात वाढलेली पोर ती. शाळा वेण्णार नदीच्या पलीकडे, आणि आषाढाच्या सुमाराचा आडी महिना लागला की वारा असा सुटतो की त्यात पाटा-वरवंटासुद्धा उडून जातो, अशी तमिळमध्ये म्हणच आहे. त्या वाऱ्याच्या तोंडावर दप्तर, डबा आणि मागं बसलेली एखादी मैत्रीण घेऊन ती रोज सायकल मारायची. त्यामुळं चाळिशीला टेकल्यावर कॉलेजातून दोन वर्षांची रजा काढून ती भाताच्या तुसावर संशोधन करायला टोकियोला गेली, आणि तिथं तिनं बारीक चाकांची, वाकड्या हँडलची एक जुनी सायकल घेतली, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते टोकियोतल्या लोकांना.

टोकियो म्हणजे अफाट शहर, पण त्याच्या कडेनं तामा नदी वाहते आणि रविवारी सकाळी तिच्या काठच्या रस्त्यावर सायकलवाल्यांची रीघ लागते. वासुकीच्या घराजवळच्या एका सायकलच्या दुकानातून अशीच एक टोळी निघायची. तिचे म्होरके मोरी-सान. 'सान' म्हणजे आपल्याकडचं 'राव' समजा. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर लोकांचे दात उपटून आता निवृत्त झालेला, अंगानं वाळका आणि बोलायला महा कंजूष.

पहिल्याच रविवारी समोरून वारा आला. टोळीतले तरणेबांड गडी माना खाली घालून एकमेकांच्या आडोशाला जायला लागले. आणि ही बाई, पाठीच्या खिशात चिंचेच्या भाताचे मुटके कोंबलेली, सरळ सगळ्यांच्या पुढं झाली आणि वारा अंगावर घेत निघाली. पुढचा पूल आल्यावर मागं वळून बघते तो निम्मी टोळी गळालेली. मोरी-सान तेवढे तिच्या मागच्या चाकाला धरून होते.

"वाऱ्याची आणि तुमची ओळख दिसते," ते म्हणाले.

"ओळख कसली, भांडण आहे. लहानपणापासूनचं," वासुकी मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली.

मोरी-साननी एक मुटका खाल्ला, आंबटपणानं डोळे मिटले आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. त्या दिवसापासून टोळीत वासुकीचं वजन वाढलं, आणि खरं सांगायचं तर तिच्या डोक्यातही थोडं वारं शिरलं.

आता एका शब्दाचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच अडलेली आहे.

आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत बाहेर पडताना 'जाते' म्हणत नाहीत. तसं कुठल्याच मराठी घरात म्हणत नाहीत, पण आमच्याकडे मराठीची रीत आणि तमिळची रीत अशी दुहेरी गाठ बसलेली आहे, त्यामुळं ती सुटता सुटत नाही. 'जाऊन येते' म्हणायचं आणि मागं राहणाऱ्यानं 'ये' म्हणायचं. तेही घरातूनच निघताना नव्हे. भाजीवालीपाशी, बँकेत, डॉक्टरकडे, अगदी ज्या शेजाऱ्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं मनाशी ठरवलंय त्याच्याही दारात 'जाऊन येते'. लहानपणी वासुकीच्या तोंडून चुकून नुसतं 'जाते' निघालं की तिच्या आईचा धपाटा पाठीत बसलाच.

टोकियोत जपानीच्या पहिल्याच तासाला वासुकीला कळलं की ही माणसंही तेच म्हणतात. घरातून निघणारा म्हणतो, 'इत्तेकिमास.' म्हणजे शब्दाला शब्द लावून, जाऊन येते. घरातला म्हणतो, 'इत्तेराश्शाय', जाऊन ये. परतलं की 'तादाइमा', आले बरं का. आणि त्यावर 'ओकाएरी', आलीस, ये. वासुकीला वर्गातच भरून आलं. एवढ्या परक्या मुलखात कुणीतरी आपल्या घरचं बोलतंय, या आनंदात तिनं तो शब्द उदंड वापरला. उदंड हा शब्द पुण्याच्या माणसाला पोथीतला वाटेल. आमच्याकडे कॉफीसुद्धा उदंड होते. तर ती भाजी घेऊन निघताना म्हणायची इत्तेकिमास, टपाल कचेरीतून निघताना इत्तेकिमास, बसमधून उतरताना ड्रायव्हरला इत्तेकिमास. ते बिचारे हसून मान लववायचे.

समोरच्याची चूक दाखवायची नाही, हा जपानी माणसाचा मोठा दोष. कारण चूक होती. तिकडे हा शब्द निरोपाचा नाही, तो वायदा आहे. जिथं खरंच परत यायचं तिथंच तो म्हणतात, आणि ऐकणारा वाट बघतो.

हिवाळा तोंडावर आला आणि मोरी-साननी टोळी डोंगरात नेली. घाटाचं नाव वादा. हिंदी येणाऱ्याला यात गंमत वाटेल. वासुकीला हिंदी येत नव्हती.

बसचा रस्ता संपतो तिथं चढ सुरू होतो. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना सुगी नावाची सरळसोट झाडं, ऊन खाली पोचायची सोय नाही. आणि आमचा तंजावूर जिल्हा तर पाटासारखा सपाट. कालवे, भातखाचरं, नारळी, पुन्हा कालवे. उंच म्हणून काय ते मोठ्या देवळाचं शिखर, आणि त्यावर काही सायकल नेत नाहीत. वासुकीनं वाऱ्याला द्यायची तीच टक्कर चढाला दिली. पण वारा दमवतो आणि मधेच सोडतोही. चढ सोडत नाही. घाट निम्मासुद्धा झाला नव्हता तेव्हा तिच्या मांड्यांत गोळे आले, छाती भात्यासारखी चालू लागली आणि पाय जमिनीला लागला.

पुढं गेलेले मोरी-सान वळून खाली आले. "बसा थोडं. घाई नाही," म्हणाले.

बसायला ती मोकळी होती, पण तिला तिचाच राग आला होता. तामाकाठी सगळ्यांना धूळ चारणारी बाई, आणि इथं एका टेकाडानं तिची अब्रू घेतली. तिनं सायकल उतारावर वळवली. अशा वेळी तिकडे म्हणतात, 'ओसाकी नी', म्हणजे तुमच्या आधी निघते. शब्द तिला येत होता. पण डोंगरात, अवघड जागी, वडिलांच्या वयाच्या माणसाला तोंडावर 'निघते' म्हणायचं? तिची जीभच वळेना. तिनं मान लववली आणि म्हणाली, "इत्तेकिमास."

मोरी-सान तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इत्तेराश्शाय. मी वर आहे."

ती खाली स्टेशनवर गेली. तिकडे गाडीत उघडी सायकल चालत नाही, म्हणून चाकं काढून सायकल पिशवीत भरली, घरी आली, कढत पाण्यात बसली आणि झोपली. फोन सायकलच्या पिशवीत तसाच राहिला. आणि वर घाटमाथ्यावर, बंद असलेल्या चहाच्या टपरीशी, मोरी-सान थांबले. तिच्यासाठी थर्मासमध्ये चहा राखून ठेवलेला. टोळी म्हणाली, ती गेली असेल. ते म्हणाले, जाऊन येते म्हणाली आहे. टोळी निघून गेली, ऊन उतरलं, गारठा वाढला, तरी ते थांबलेच. अंधारायला आलं तेव्हा सायकल हातात धरून चालत खाली उतरले, रस्त्याच्या कडेनं दरीत वाकून बघत बघत, कुठं पडली तर नाही ना म्हणून.

वासुकीनं सकाळी फोन बघितला आणि तिचं पाणी पाणी झालं. पुढच्या रविवारी ती बोलणी खायच्या तयारीनं दुकानात गेली, शंभरदा क्षमा मागितली, आणि 'जाऊन येते'ची आमची रीत तिनं जमेल तशी समजावून सांगितली. मोरी-साननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोंगराच्या दिशेनं बोट केलं.

"तुमचं तादाइमा राहिलंय," ते म्हणाले. "माझं ओकाएरीही."

पण तोवर घाटात रस्त्यावर बर्फ धरायला लागला, आणि जानेवारीत वासुकीला रजेवर गावी यायचं होतं. निघताना दुकानाच्या दारात सगळी टोळी जमली होती. या वेळी ती शब्दाचा अर्थ पुरता जाणून होती. तरी म्हणालीच, "इत्तेकिमास." मोरी-सान म्हणाले, "इत्तेराश्शाय."

पोंगल नुकता झालेला, मामेबहीण नित्याचं लग्न, तंजावूरच्या घरात पाहुण्यांची ये-जा. बाकी वर्षभर त्या घरात वासुकीची अम्मा एकटी असते. चंद्रमती तिचं नाव. गुडघे गेलेले, पण आवाज शाबूत. वासुकीचे वडील आता नाहीत, आणि थोरला भाऊ शिवकुमार न्यू जर्सीत.

या शिवकुमारानंच खरं तर अम्माचं 'ये' नेलं. तो गेला तेव्हा दारात वाकून "अम्मा, जाऊन येतो" म्हणाला होता, आणि अम्मा "ये" म्हणाली होती. पुढं त्याची नोकरी, लग्न, घर, पोरं सगळं तिकडेच झालं. वडील गेले तेव्हा आला, चार दिवस राहिला, आणि विमानाची वेळ झाली तसा पुन्हा "जाऊन येतो" म्हणाला. त्या दिवशी अम्मा नुसतं "हूं" म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून ती कुणालाच 'ये' म्हणत नाही. वासुकी पहिल्यांदा टोकियोला निघाली तेव्हाही तिच्या वाट्याला 'हूं'च आलं होतं.

आणि आता अम्मानं धरूनच ठेवलं होतं. "पुरे झालं. आतां जाऊ नक्को. तुसावर काय शोधायचं तें हिकडे शोध. हिकडे तूस उदंड आहे."

भरीला भर म्हणून कॉलेजात विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. प्राचार्यांचा निरोप आला की आत्ता रुजू झालात तर तुमची, टोकियोचे राहिलेले महिने पुरे करून याल तर दुसऱ्याची. खुर्चीचं वासुकीला फारसं नव्हतं. पण अम्मा जिन्याची एकेक पायरी कठड्याला धरून चढायची ते बघितलं की ती हातातलं काम टाकून मागोमाग जायची. राहते म्हणावं, असं ती ठरवायची. आणि टोकियोला 'येत नाही' असं कळवायचं काम रोज उद्यावर ढकलायची.

ढकलायची आणि सकाळी उठून सायकल काढायची. सायकल वेंकटरमण मामाची, म्हणजे अम्माच्या धाकट्या भावाची: काळी, दांडीची, हत्तीसारखी जड. त्यावर ती आधी ओरत्तनाडूच्या रस्त्याला जाऊन आली. पण सपाट रस्त्यात तिला आता राम वाटेना. मग तिनं शोधून काढला मेंपालम, म्हणजे रेल्वेवरून जाणारा पूल. तंजावुरात चढ म्हणून तेवढाच. एका अंगानं चढायचा, दुसऱ्या अंगानं उतरायचा, वळायचं, पुन्हा चढायचा. टाउन बसचे कंडक्टर तिला ओळखू लागले. पुलाच्या तोंडाशी फुलं विकणारी गंगाबाई विचारायची, "काय गे, पलीकडे रोज काय विसरून येतीस?"

चार दिवसांनी तोही पूल तिला पुरेना.

"मामा, वजन होणा मज," ती म्हणाली. होणा म्हणजे हवं. "तांदळाचं पोतं बांधू काय मागं?"

वेंकटरमण मामा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, अंगानं भरलेले, आणि फुकटची करमणूक कधी न सोडणारे. "पोतं कशाला? तें बोलत नाही. मी बसतो," ते म्हणाले. आणि खरंच कॅरिअरवर एका अंगाला पाय सोडून, धोतरासारखी वेष्टी सावरून, छत्री उघडून बसले.

तो देखावा तंजावूर बरेच दिवस विसरणार नाही. पुढं घामानं निथळणारी प्राध्यापक बाई, मागं छत्रीतला मामा, आणि मामाचं तोंड अखंड चालू. पहिल्या दिवशी निम्म्यावर सायकल डुगडुगली आणि मामांना उतरावं लागलं. दुसऱ्या दिवशी वासुकीनं टक्कर देणं सोडलं. पाय हळू, श्वास मोजून, नजर चाकापुढच्या हातभर रस्त्यावर. पूल संपला तेव्हा मामांचं वाक्य अजून चालूच होतं. ट्रॅफिक पोलिसानं हात वर करून एक लॉरी थांबवली आणि त्यांना वाट दिली.

"वासू, एक विचारू?" उतारावर मामा म्हणाले. "राहणार म्हणतीस. मग ही चढाची तालीम कुणासाठीं?"

वासुकीनं उत्तराऐवजी नुसती घंटी वाजवली. उत्तर तिला येत होतं, म्हणूनच.

लग्न थाटात पार पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरचीच मंडळी जेवायला बसली. केळीची पानं, अंबट वरण, भात. अम्मा गुडघे दुखत असूनही स्वतः वाढत होती. तिच्या हातची पळी काढून घ्यायची कुणाची छाती नाही. मामांनी पुलावरची कथा तिखटमीठ लावून सांगितली आणि मग म्हणाले, "आतां तो जपानातला घाट सांग. एवढं काय आहे त्यांत?"

वासुकीनं सांगितलं. गंमत म्हणूनच सांगितलं, आणि गोष्ट रंगवायची कला तिच्यातही आहे. बसच्या ड्रायव्हरला इत्तेकिमास, टपाल कचेरीत इत्तेकिमास, मांड्यांतले गोळे, आणि शेवटी घाटात ते इत्तेकिमास. ती घरी कढत पाण्यात बसलेली आणि वर मोरी-सान थर्मास घेऊन उभे. पंगत हसून लोळायला लागली. मामांना तर ठसका लागला.

हसत नव्हती ती अम्मा. तिच्या हातातली पळी भांड्यातच थांबली होती.

"तो म्हातारा कितीं वेळ थांबला?" तिनं विचारलं.

"अंधार पडेपर्यंत, अम्मा."

"थंडींत?"

"होय."

"आणि तूं अजून गेली नाहीस."

"बर्फ होता ना. मग हिकडेच आले. आतां राहायचं म्हणतीस तर…"

अम्मानं पळी ठेवली. एवढ्या माणसांत वाढण्याचं काम तिनं अर्ध्यावर टाकलं, असं आधी कधी झालं नव्हतं. ती आत गेली. भांड्यांचा आवाज नाही, काही नाही. हसणं आपोआप विरलं. थोड्या वेळानं आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून वासुकी उष्ट्या हातानंच उठून गेली. अम्मा पलंगाखालून तिची बॅग ओढत होती. गुडघे टेकवत नव्हते म्हणून उभ्यानंच, काठीच्या मुठीनं.

"अम्मा, काय करतीस?"

"नीघ म्हणते. बेगीन जा. तिकडे माणूस थांबलाय."

"तो काय आतांपर्यंत डोंगरावर उभा आहे होय? घरीं गेला तो केव्हांच."

"घरीं जाऊन माणूस थांबायचं सोडतो, असं तुज वाटतं?" अम्मा काठीवर रेलून उभी राहिली. "शिवू गेला तेव्हां जाऊन येतो म्हणाला. मीही घरांतच आहे. जेवते, झोपते, टीव्ही बघते. आणि फाटक वाजलं कीं अजून कान तिकडे जातो. तो येत नाही असं नाही गे. येतो. पण येतो तो पाहुणा येतो. जो गेला होता तो अजून यायचाय. थांबणाऱ्याचं काय होतं तें तुज ठाऊक नाही, वासू. मज ठाऊक आहे."

वासुकीनं उष्टा हात तसाच धरला होता. एवढ्या वर्षांत अम्मा शिवकुमाराबद्दल एक शब्द बोलली नव्हती, आणि वासुकीनंही कधी विचारलं नव्हतं. तिला रडू आलं.

"आणि तूं?" ती म्हणाली. "तुझे गुडघे? मी गेले तर तूं हिकडे थांबणार."

"माझं मी बघते. मज सवय आहे. त्या म्हाताऱ्याला नसेल." अम्मानं बॅगेला काठीनं एक ढोसणी दिली. "माझ्या पोटच्या एकानं माणसाला थांबवून ठेवलंय तें पुरे झालं. दुसरीनंही तेंच केलं तर मी तोंड कुठं लपवू? आधीं तिकडचं पुरं कर. मग हिकडचं बघ. आणि हात धू."

वासुकीनं हात धुतले. त्याच संध्याकाळी तिनं प्राचार्यांना कळवून टाकलं की खुर्ची दुसऱ्याला द्या. कळवून झालं तसं तिला इतकं हलकं वाटलं की तिनं मामाची सायकल काढली आणि गरज नसताना मेंपालम आणखी एकदा चढून आली.

निघायच्या दिवशी मामा स्टेशनवर पोचवायला आले होते, रिक्षा दारात उभी. वासुकी अम्माच्या पाया पडली. "अम्मा, जाऊन येते."

सगळे अम्माच्या तोंडाकडे बघत होते. अम्मानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, केसातली फुलं नीट केली, आणि म्हणाली, "हूं."

वासुकीचा चेहरा पडलेला बघून ती पुढं म्हणाली, "एका वेळीं एकच. आधीं त्याचं पुरं होऊं दे." आणि आत गेली.

मे महिन्यात वादा घाट हिरवागार असतो. खालच्या वळणावर टोळीतल्या पोरांनी विचारलं, आज वाऱ्यासारखी सुटणार का? वासुकी म्हणाली, "नाही. आज मागं मामा बसलेत." त्यांना काही कळलं नाही. मोरी-सान आधीच निघून गेले होते. 'मी वर आहे' एवढं म्हणून.

चढ तोच होता, तितकाच उभा. गेल्या खेपेला पाय टेकला होता ते वळण तिनं ओळखलं, कडेच्या भिंतीवर शेवाळ होतं. मांड्या पेटल्या होत्या, पण या वेळी तिनं घाई केली नाही. हातभर रस्ता, मग आणखी हातभर. टोळीतला एक गडी तिला ओलांडून गेला, जाऊ दे. त्यापुढं चढ आणखी उभा झाला, हँडल हातात वळवळायला लागलं, आणि तिला मागून मामांचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, काहीतरी टपाल खात्यातलं, न संपणारं. ती हसली आणि हसण्यानं श्वास चुकला, मग पुन्हा लावून घेतला. ज्या गड्यानं तिला ओलांडलं होतं तो पुढच्या वळणावर गुडघ्यांवर हात टेकून उभा दिसला. तिनं त्याला थांबून धीर दिला नाही. तेवढी संत ती नव्हे. मग झाडं विरळ झाली, ऊन आलं आणि रस्ता सपाट झाला.

टपरीशी मोरी-सान उभे होते, बरोबर त्याच जागी, हातात थर्मास. बसायला बाक होता तरी उभे होते.

वासुकी सायकलवरून उतरली. "तादाइमा," ती म्हणाली.

"ओकाएरी," मोरी-सान म्हणाले. त्यांनी चहा ओतला, कप तिच्या हातात दिला आणि तोंड दुसरीकडे वळवून चष्मा पुसायला लागले. तो पुसायला त्यांना फार वेळ लागला.

तंजावुरात तेव्हा सकाळच होती. वासुकीनं व्हिडिओ लावला. अम्माचं आधी कपाळ दिसलं, मग एक कान, मग मामांनी फोन सरळ धरून दिला असावा.

"अम्मा, वर आले."

"तो कुठं आहे?"

वासुकीनं फोन वळवला. मोरी-साननी हेल्मेट काढलं आणि कमरेतून वाकून नमस्कार केला. अम्मानं हात जोडले. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळणार नव्हतं, आणि दोघंही बोलायच्या खटपटीत पडले नाहीत. नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले, एका फाटकाशी थांबलेली दोन माणसं बघतात तसे.

"दमलेला दिसतो," शेवटी अम्मा म्हणाली. "त्याला खायला दे कांहीतरी."

"चिंचेचा भात आणलाय."

"मीठ बेताचं घातलंस ना?"

"होय."

फोनमध्ये कुकरची शिट्टी झाल्याचा आवाज आला, मामा स्वयंपाकघराकडे धावले असावेत, कारण चित्र हललं आणि अम्माचं नुसतं कपाळ उरलं. वासुकीनं कप खाली ठेवला.

"ठेवते, अम्मा," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि थांबली. दोन्हीकडच्या रिती तिला आता चांगल्या कळत होत्या. राहिलेले महिने किती, विमान केव्हाचं, सगळं तिनं मनात एकदा नीट तपासून घेतलं. मगच म्हणाली, "अम्मा, जाऊन येते."

फोनमधलं कपाळ मागं सरलं आणि अम्माचा सगळा चेहरा दिसला.

"ये," अम्मा म्हणाली.

फोन बंद कसा करायचा ते अम्माला अजून येत नाही. तिनं तो तसाच टेबलावर ठेवला असावा, कारण नंतर बराच वेळ वासुकीला तंजावूरच्या घरातला छताचा पंखा फिरताना दिसत होता, आणि अम्मा मामांना बेगीन कॉफीचं डिकॉक्शन घाल म्हणून सांगत होती ते ऐकू येत होतं.